समजुतीची फारकत : सुरतच्या न्यायालयांतील घटस्फोट आणि मध्यस्थी

घटस्फोटाच्या दाव्यातील मध्यस्थी म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या, दोन्ही बाजूंशी कसलेही देणेघेणे नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीसमोर बसून नवरा-बायकोने वेगळे होण्याच्या अटी स्वतः ठरवणे. लग्न मोडण्याचा हुकूम मध्यस्थ देत नाही. तो अधिकार न्यायाधीशाचाच. मध्यस्थ साक्षीपुरावा घेत नाही आणि कोणाचे चुकले हेही सांगत नाही. पोटगी किती, मुले कोणाकडे, दागिने कोणाचे, राहती खोली कोणाच्या नावावर, एकमेकांवर घातलेल्या केसेसचे काय, एवढ्या प्रश्नांवर दोघांचे एकमत होते का हे पाहणे आणि झाले तर ते कागदावर उतरवणे, हे त्याचे काम. एकमत झाले की कागद न्यायालयात जातो. नाही झाले तर तडजोड न झाल्याचा एका ओळीचा अहवाल जातो आणि दावा पूर्वीसारखा चालू राहतो.

व्यवहारात मात्र या कामाची आणखी तीन कामांशी गल्लत होते. पहिले समुपदेशन. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ६ खाली नेमलेला समुपदेशक मुख्यतः संसार सावरतो का ते पाहतो. दुसरी लोकअदालत. तिथे न्यायाधीश आणि इतर सदस्यांचे पॅनेल एका दिवसात अनेक प्रकरणे ऐकते आणि तिच्या निवाड्यावर अपील चालत नाही. तिसरी जातीच्या पंचांची बैठक. तिला कायद्याचा आधार नाही, पण लिंबायत-उधन्यातल्या अनेक घरांत भांडण सर्वांत आधी तिथेच जाते. मध्यस्थी या तिन्हींहून वेगळी आहे आणि तिचा वेगळेपणा दोन गोष्टींत आहे : खोलीतले बोलणे खोलीबाहेर जात नाही, आणि दोघांपैकी कोणीही कोणत्याही क्षणी 'मला हे मान्य नाही' म्हणून उठू शकतो. या दोन गोष्टी जिथे पाळल्या जात नाहीत तिथे पाटी कोणतीही लावलेली असो, मध्यस्थी झालेली नसते.

सुरतेला हा विषय जिव्हाळ्याचा का, ते शहराकडे पाहिले की कळते. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ४४ लाखांच्या वर होती आणि तिचा मोठा भाग बाहेरून आलेला. वराछा-कतारगामला सौराष्ट्रातले हिरे घासणारे रत्नकलाकार, यंत्रमागावर ओडिशातल्या गंजामचे कामगार, आणि उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारची खानदेशी कुटुंबे. ताप्तीकाठच्या रेल्वेने ही माणसे आली आणि सोयरिकीही त्याच रेल्वेने होत राहिल्या. मुलगा सुरतेत, मुलगी शहादा, अमळनेर किंवा दोंडाईचाची. संसार बिनसला की मुलगी माहेरी जाते, आणि माहेर दुसऱ्या राज्यात असते. त्यामुळे सुरतच्या मराठी घरातला घटस्फोट बहुतेक वेळा दोन राज्यांतला घटस्फोट होतो.

या भागातला कायद्याचा इतिहासही असाच हद्दींनी कापलेला आहे. ब्रिटिश अमलाखालच्या सुरत शहरात हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट नव्हता. ज्या जातींत काडीमोडीची किंवा नातऱ्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, रूढी होती त्यांनाच ती वाट. शेजारचे कामरेज, पलसाणा, व्यारा हे तालुके बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते, आणि सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा केला. म्हणजे आज सुरतेला जवळजवळ चिकटलेल्या कामरेजमधल्या बाईला जे मिळत होते, ते शहरातल्या बाईला मिळायला १९४७ चा मुंबई हिंदू घटस्फोट कायदा यावा लागला. त्यानंतर देशासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. परस्परसंमतीने घटस्फोट देणारे कलम १३-ब त्यात १९७६ च्या दुरुस्तीने आले, आणि हिंदू घटस्फोटातली आजची मध्यस्थी याच कलमाच्या खांद्यावर उभी आहे.

हे कलम नसताना समझोत्याची धाव कुठवर जात होती, ते सुरतेशी जोडलेल्या एका मराठी स्त्रीच्या चरित्रात दिसते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले. १८८४ मध्ये दादाजींनी नांदायला येण्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. प्रकरण शेवटी न्यायालयाबाहेर मिटले. जुलै १८८८ मध्ये २००० रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाच्या अंमलबजावणीचा हट्ट सोडला. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या, १८९५ च्या सुमारास सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे त्यांनी घेतली आणि दोन दशकांहून अधिक काळ या शहरातल्या बायकांची बाळंतपणे केली. पण त्या समझोत्याने लग्न सुटले नव्हते. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर रखमाबाईंनी विधवेचा वेश घेतला. पैशाचा वाद मिटवता येत होता, तुरुंग टाळता येत होता. कायद्यात सुटकेची तरतूदच नव्हती म्हणून नाते मात्र कागदावर तसेच राहिले. आज समझोत्याच्या मागे हुकूमनामा उभा राहतो. त्या काळातल्या आणि आजच्या तडजोडीत खरा फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

न्यायालयात मध्यस्थी शिरली तीही बऱ्याच अंशी गुजरातच्या भूमीवरून. छोटा उदेपूरजवळच्या रंगपूरला हरिवल्लभ परीख यांनी १९४९ मध्ये आनंद निकेतन आश्रम स्थापला आणि तिथे आदिवासींची भांडणे उघड्यावर, सर्वांदेखत सोडवणारी लोकअदालत चालवली. तिच्यापुढे येणाऱ्या तक्रारींत नवरा-बायकोच्या तक्रारी मोठ्या संख्येने असत. शासकीय व्यवस्थेतली पहिली लोकअदालत भरली ती १९८२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना येथे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ नव्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू झाले आणि त्याच महिन्यात, २७ जुलैला, अहमदाबादमध्ये वकिलांनी चालवलेले मध्यस्थी केंद्र सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती २००५ ची. तिने ठरवलेले ४० तासांचे प्रशिक्षण हा आज देशभरच्या न्यायालयीन मध्यस्थाचा पाया आहे. २०१० च्या अॅफकॉन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद मध्यस्थीला योग्य असल्याचे नोंदवले. २०१३ च्या के. श्रीनिवास राव निकालात त्याही पुढे जाऊन, छळाचा गुन्हा दाखल असला तरी तडजोडीची शक्यता दिसते तिथे लवकरात लवकर मध्यस्थीकडे पाठवावे, असे सांगितले. २०२३ चा मध्यस्थी कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे.

सुरतेत प्रकरण कसे पुढे सरकते ते आता पाहू. अठवालाइन्सला जिल्हा न्यायालय आहे, आणि प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात दाखल होतो, दुसऱ्या पक्षाला नोटीस जाते आणि तो हजर झाला की कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणे न्यायालयावर बंधनकारक असते. न्यायाधीश प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतात. न्यायालयाशी जोडलेल्या या मध्यस्थीसाठी पक्षकारांना फी नाही. कायद्याने वकील हा कौटुंबिक न्यायालयात हक्क म्हणून मिळत नाही, परवानगीने मिळतो. प्रत्यक्षात बहुतेकांचे वकील असतातच, आणि ते मध्यस्थीच्या बैठकीलाही येऊ शकतात.

पहिली बैठक एकत्र होते. मध्यस्थ नियम सांगतो, दोघांना मध्ये न तोडता बोलू देतो. या बैठकीत बहुधा राग बाहेर पडतो, आणि तो पडू द्यावा लागतो. खरे काम त्यानंतरच्या वेगवेगळ्या बैठकांत होते. मध्यस्थ एकदा बायकोशी, एकदा नवऱ्याशी स्वतंत्रपणे बोलतो आणि तिथे सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. सासूचा जाच म्हणून सुरू झालेली तक्रार मुळात कर्जात गेलेल्या दागिन्यांची आहे, किंवा मुलीचा ताबा मागणाऱ्या बापाला खरे तर तिने सुट्टीत आपल्याकडे यावे एवढेच हवे आहे, हे इथे उलगडते. याच खोलीत पुन्हा नांदायला तयार झालेली जोडपीही असतात आणि ते आनंदाचेच. पण नांदवून दाखवणे हीच मध्यस्थाची कामगिरी धरली, तर ज्या बाईला परत जायचे नाही तिच्यावर गोड बोलून दबाव येतो. ती कामगिरी धरू नये. वेगळे व्हायचे दोघांनी ठरवले असेल तर ते कमीत कमी इजेने व्हावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

दोघांनी वेगळे होण्याचे ठरवले तर मूळचा भांडणाचा अर्ज परस्परसंमतीच्या अर्जात बदलता येतो. त्यासाठी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर ते वेगळे राहणेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालात म्हटले आहे. सुरतच्या एका खोलीतल्या संसारांना ही गोष्ट माहीत असायला हवी. अर्जानंतर पहिला जबाब नोंदला जातो, मग सहा महिन्यांची थांबण्याची मुदत आणि मग दुसरा जबाब. १२ सप्टेंबर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने ही सहा महिन्यांची मुदत सक्तीची नसल्याचे ठरवले. एक वर्ष आणि सहा महिने मिळून दीड वर्षाचा काळ आधीच उलटला असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पोटगी-ताब्यासह सगळे खरोखर मिटले असेल आणि आणखी थांबण्याने फक्त यातना वाढत असतील, तर न्यायालय ती माफ करू शकते. मध्यस्थीचा पक्का करार हाच अशा माफीच्या अर्जाचा सर्वांत मोठा आधार असतो.

सुरेष्टा देवी निकालाने आणखी एक गोष्ट ठरवली, आणि अनेक समझोते तिथेच फुटतात. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही आपली संमती काढून घेऊ शकतो. पहिला जबाब झाला, अर्धे पैसे दिले गेले आणि दुसऱ्या जबाबाला समोरचा आलाच नाही, अशी वेळ येते. म्हणून तडजोड 'झाली' म्हणजे काय झाले, हे कागदावरून ठरते. गोड बोलून सोडवलेला आणि ढिसाळ लिहिलेला वाद दोन वर्षांनी दुप्पट होऊन परत येतो.

असा एक करार जवळून पाहू. नवरा लिंबायतला भरतकामाच्या मशीनवर काम करणारा, बायको शहाद्याजवळच्या खेड्यातली, सहा वर्षांची मुलगी आईकडे, असे एक कल्पित जोडपे डोळ्यासमोर धरावे.

पहिला प्रश्न उत्पन्नाचा. भरतकामात, मागावर किंवा हिरे घासण्याच्या घंटीवर कामगाराला नगावर, मीटरवर मजुरी मिळते. पगाराची चिठ्ठी कित्येकांकडे नसते. नवरा म्हणतो बारा हजार, बायको म्हणते तीस. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकत, कर्जे आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे बंधन घातले आहे. मध्यस्थीतही तेच प्रतिज्ञापत्र टेबलावर मागावे. बँकेचे पासबुक, मोबाइलवरून आलेल्या-गेलेल्या पैशांचा उतारा, घराच्या हप्त्याची पावती या तीन कागदांतून खरा आकडा बहुधा सापडतो. उत्पन्न झाकून झालेली तडजोड फसवणूक म्हणून पुढे आव्हानात येऊ शकते, हे नवऱ्यालाही समजावून सांगणे मध्यस्थाच्या कामाचा भाग आहे.

दुसरा प्रश्न स्त्रीधनाचा. 'सर्व दागिने परत केले' या चार शब्दांवर किती भांडणे पुन्हा उभी राहिली असतील! यादी करावी : गंठण, पाटल्या, नथ, प्रत्येकाचे वजन, लोखंडी कपाट, पितळेची भांडी, शिलाई मशीन. सोने सोनाराच्या काट्यावर तोलून त्याची चिठ्ठी कराराला जोडावी. वस्तू सासरच्या दारात न देता मध्यस्थी केंद्रात, मध्यस्थासमोर द्याव्यात. त्या दारात पुन्हा पाऊल टाकायला लागणे हीच काही बायकांना मोठी शिक्षा वाटते.

तिसरा पैशाचा. एकरकमी रक्कम ठरली तर ती टप्प्यांनी बांधावी : काही कराराच्या सहीला, काही पहिल्या जबाबाला, उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने. रोख देऊ नये, घेऊ नये. हप्ता चुकला तर व्याज किती, हे तेव्हाच लिहावे. न लिहिल्यास वसुलीच्या दरखास्तीत त्यावरूनच वाद होतो. घरावर दोघांच्या नावे कर्ज असेल तर करारात 'हप्ते नवरा भरेल' लिहिल्याने बायको बँकेच्या दृष्टीने मोकळी होत नाही, कारण बँक त्या कराराला पक्षकार नसते. नाव कमी करण्याचे बँकेचे पत्र आधी आणावे.

चौथा मुलीचा, आणि इथे आई-बाप पूर्णपणे मुखत्यार नाहीत. मुलांचे हित न्यायालय स्वतः पाहते. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलीचा हक्क सुटत नाही. भेटीची कलमे नेमकी असावीत. सुरतेत दिवाळीला कारखाने काही आठवडे बंद राहतात. बापाला मोकळा वेळ असतो तो तेव्हाच. मग दिवाळीच्या सुट्टीचा कोणता भाग मुलगी सुरतेला, कोणत्या तारखेला कोणी तिला नंदुरबार स्टेशनवर आणून सोडायचे, कोणी परत न्यायचे, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड कोणाकडे राहील, सुकन्या खात्यात कोण भरणार, मंगळवार-शनिवार संध्याकाळी व्हिडिओ कॉल किती वाजता, हे सगळे लिहावे. एवढे बारीक लिहिणे काहींना कोतेपणा वाटतो. तसे नाही. ज्या दोघांना एकमेकांशी बोलायचेच नाही त्यांच्यातली मुलगी या बारकाव्यांवरच सुखरूप राहते.

पाचवा प्रश्न फौजदारी प्रकरणांचा, आणि सर्वांत जास्त अडते ते इथेच. नवरा म्हणतो आधी छळाचा गुन्हा मागे घे मग पैसे, बायको म्हणते आधी पैसे. भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ आणि ८६, हा गुन्हा पक्षकारांना आपसात मिटवता येत नाही. २००३ च्या बी. एस. जोशी आणि २०१२ च्या ज्ञान सिंग निकालांनी मोकळी केलेली वाट अशी की तडजोड झाल्यावर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात तो रद्द करते. अडलेली गाडी सोडवण्याची रीत साधी आहे : शेवटचा हप्ता नवऱ्याने न्यायालयात जमा करायचा, बायकोने उच्च न्यायालयात हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि ते दिल्यावर न्यायालयाने रक्कम तिला द्यायची. दोघांनाही आधी हात मोकळा करावा लागत नाही. समझोत्याचे पैसे घेऊन पुन्हा तीच फौजदारी केस चालवणाऱ्या पक्षाला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रुची अगरवाल प्रकरणात दाद दिली नाही, हेही दोघांना माहीत असावे.

मध्यस्थीला कुठे जागा नाही, हे याच ठिकाणी सांगायला हवे. मारहाण अजून चालू आहे, बाई नवऱ्याच्या नजरेखाली बोलू शकत नाही, तिच्या हातात मोबाइलही नाही, अशा स्थितीत समोरासमोर बसवून काढलेली सही ही संमती नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा हुकूम आधी, बोलणी नंतर. गुजरातेत १८१ अभयम् ही हेल्पलाइन २०१५ पासून राज्यभर आहे आणि तिची समुपदेशक गाडी घरापर्यंत येते. मुलावर लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर ती मध्यस्थाच्या टेबलावर येताच कामा नये. पंचांच्या बैठकीत दंड ठरवून स्टँप पेपरवर लिहिलेली फारकत, मग ती नोटरी केलेली का असेना, घटस्फोट होत नाही. जातीतली रूढी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने राखली आहे, पण ती रूढी प्राचीन, अखंड आणि मान्य असल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागते. तसा कागद खिशात ठेवून दुसरे लग्न केलेल्या माणसावर पुढे द्विभार्येचा खटला होऊ शकतो, आणि दुसऱ्या बायकोचे कायदेशीर स्थान डळमळते. बहिष्काराची धमकी देऊन पंच बाईला गप्प करत असतील तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा सुरतेत लागू नाही, हेही लक्षात ठेवावे.

इतर धर्मीयांसाठी वाट थोडी वेगळी, पण मध्यस्थीचे दार सर्वांना उघडे आहे. पारशी कायद्यात १९८८ पासून, ख्रिस्ती कायद्यात २००१ पासून संमतीचा घटस्फोट आहे. विशेष विवाह कायद्यात तो १९५४ पासूनच होता. मुस्लिम जोडप्याला मुबारातने, म्हणजे दोघांच्या संमतीने, विभक्त होता येते, आणि त्या विभक्तीची घोषणा कौटुंबिक न्यायालयाकडून घेता येते.

आता सुरतच्या मराठी घरांची खास अडचण. वरच्या कल्पित जोडप्यातली बायको माहेरी असल्याने तिला हिंदू विवाह कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीपासून घटस्फोटाचा अर्ज स्वतःच्या गावच्या हद्दीत करता येतो. पोटगीचा आणि हिंसाचाराचा अर्जही तिथेच. छळाची फिर्याद आसरा घेतलेल्या ठिकाणी देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी निकालात म्हटले. नवऱ्याचा दावा सुरतेला. असे एकाच संसाराचे चार-पाच खटले सीमेच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. नवापूरच्या स्टेशनावर अर्धा बाक महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे म्हणून लोक कौतुकाने फोटो काढतात. त्याच स्टेशनावरून एक बाप तारखेसाठी पूर्वेला आणि एक आई पश्चिमेला जाते, आणि दोघांचाही दिवसाचा रोज बुडतो.

सुरत गुजरात उच्च न्यायालयाखाली येते. नंदुरबार, धुळे, जळगाव मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाखाली. दोन वेगळ्या उच्च न्यायालयांखालच्या न्यायालयांत दावा हलवायचा तर तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे २००८ च्या दुर्गेश शर्मा निकालाने पक्के झाले. मागावरच्या मजुराने किंवा शेतमजूर बापाच्या मुलीने दिल्लीला अर्ज करायचा! म्हणूनच मध्यस्थीचे मोल इथे इतर ठिकाणांहून जास्त आहे. एका न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीत दोघांच्या संमतीने सगळ्या खटल्यांवर बोलता येते आणि एकाच करारात सगळ्यांचा शेवट लिहिता येतो. मात्र करारात प्रत्येक खटल्याचा क्रमांक, न्यायालय आणि तो कोणत्या तारखेपर्यंत कोणी मागे घ्यायचा, हे आलेच पाहिजे. शहाद्याचा एक पोटगीचा अर्ज लिहायचा राहिला तर सुरतचा हुकूमनामा हातात असूनही वॉरंट येऊ शकते. छळाचा गुन्हा महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर तो रद्द करण्यासाठी छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल, सुरतच्या करारावरून अहमदाबादला तो रद्द होणार नाही.

दुसरी अडचण भाषेची. गुजरातच्या खालच्या न्यायालयांचे काम गुजरातीत चालते. सुरतेत वाढलेला नवरा गुजराती सफाईने वाचतो. अहिराणी बोलणारी, मराठी शाळेत सातवी-आठवी शिकलेली बायको गुजराती अक्षर लावू शकत नाही. करार गुजरातीत किंवा इंग्रजीत टंकला जातो, दोन्ही वकील समाधानी असतात, आणि ती दाखवलेल्या जागी सही करते. 'यापुढे कोणतीही पोटगी मागणार नाही' हे कलम त्याच पानावर असते. मध्यस्थीच्या खोलीत कोणतीही भाषा बोलायला बंदी नाही. करार वाक्यावाक्याने मराठीत समजावून सांगितला, असे मध्यस्थाने खाली लिहून सही करायला काहीच हरकत नसते, आणि तसे लिहून घेण्याचा आग्रह धरणे हा त्या बाईच्या वकिलाचा धर्म आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली. १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला तरी चौकशी होते. मध्यस्थीसाठी मराठी जाणणारा मध्यस्थ द्यावा, अशी विनंती पहिल्याच तारखेला न्यायाधीशांकडे करता येते.

पण मागायचा तर असा मध्यस्थ यादीत असायला हवा. सुरतेत दोन-तीन पिढ्यांपासून वकिली करणारी मराठी घरे आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, महापालिकेच्या मराठी शाळांत शिकून कायद्याची पदवी घेतलेली तरुण मुले-मुली आहेत. त्यांच्यातल्या वकिलांनी ४० तासांचे प्रशिक्षण मागून घ्यावे आणि जिल्ह्याच्या मध्यस्थ-यादीत नाव नोंदवावे. इतरांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा. उधना-लिंबायतच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या एका संध्याकाळी तरी या विषयावर प्राधिकरणाचे शिबिर बोलवावे, आणि पंचांकडे निघालेल्या जोडप्याला अठवालाइन्सची वाट दाखवावी.